अमरावती ते गोंदिया, विमानानं म्हणे पाऊण तास

आमच्या चांदूर बाजारकडं सध्या विमानाचं अंतर सांगणाऱ्या एका वेबसाइटचा स्क्रीनशॉट फिरून राहिला आहे. बेलोरा ते बिरसी विमानतळ, म्हणजे अमरावती ते गोंदिया: हवाई अंतर सुमारे २८० किलोमीटर, वेळ पाऊण तास. शेजारचे काका हरखले. पोरगी गोंदियाला दिलेली. "मंग सकाळी जाऊन संध्याकाळी वापस येता येते न?"

काका, त्या मार्गावर विमानच नाही!

या वेबसाइटी दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेतात, सरळ रेषेतलं अंतर काढतात, त्याला जेटच्या वेगानं भागतात आणि वर थोडी मिनिटं टाकतात. विमान आहे की नाही, हे कोण पाहतो? एप्रिल २०२५ मध्ये बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली ती एटीआरनं. पंख्याचं विमान, वेग जेमतेम ताशी ५०० किलोमीटर. बिरसीहून इंडिगोनं डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादची सेवा सुरू केली. म्हणजे काकांनी हट्टच धरला तर आधी मुंबई, मग हैदराबाद, मग गोंदिया. बाप्पा!

समजा, उद्या थेट विमान आलंच. घरून एसटीनं अमरावती दीड तास. तिथून बडनेऱ्यापुढं बेलोऱ्यापर्यंत ऑटो, आणि रिकामा परत यायचं म्हणून तो दुप्पट भाडं सांगणार. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद. उतरल्यावर बिरसीहून गोंदिया शहर आणखी दहा-बारा किलोमीटर. पाऊण तासाच्या प्रवासाला पाच तास तरी धरा. विदर्भ एक्स्प्रेस बडनेऱ्याहून पाच-सहा तासांत थेट गावात सोडते. डब्यात पाय पसरायला मिळतात, संत्र्यांची पेटीही सोबत नेता येते. घरापासून धरलं तर विमानानं दोन-अडीच तास वाचतील, हे खरं. पण तेही त्या दिवशी विमान असलं तर.

मुंबईचं गणित मात्र वेगळं आहे. सरळ रेषेत ५४० किलोमीटर, विमानाला पावणेदोन तास, रेल्वेला अख्खी रात्र. तिथं विमान हवंच, आणि विमानतळासाठी भांडलेल्या लोकांना माझा सलाम. पण सुरुवातच आठवड्यातून तीन दिवसांनी झाली. मंत्रालयातलं काम मंगळवारी निघालं आणि विमान सोम-बुध-शुक्र असलं, तर ते पावणेदोन तास काय चाटायचे? मधला मुक्काम, लॉजचं भाडं, बुडालेली मजुरी प्रवासातच धरावी लागते. रात्रीची अमरावती एक्स्प्रेस त्यापेक्षा बरी, सकाळी सीएसएमटीला उतरवते.

म्हणून नेत्यांनी आता नवीन मार्गांची घोषणा करण्याआधी एवढं करावं: विमानाच्या दिवशी परतवाड्याहून चांदूर बाजार, अमरावतीमार्गे बेलोऱ्यापर्यंत एक एसटी लावावी. वेळ विमानाची पाहून ठरवावी, डेपोच्या सोयीची नाही. आणि विमान उशिरा उतरलं तर परतीच्या गाडीनं थांबावं.