सोळा मिनिटं, एकतीस सेकंद

‘तिकडे लोक बॉब डिलनचं सोळा मिनिटांचं गाणं ऐकतात, आणि आपल्याकडची पोरं अंतरा यायच्या आत पुढचं गाणं लावतात.’ पुण्या-मुंबईकडच्या चर्चेत हे वाक्य हमखास येतं. अमेरिकेत राहणाऱ्याला त्यातलं पहिलं अर्धंच पटत नाही: इथेही असं गाणं सगळेच ऐकत नाहीत.

ते गाणं म्हणजे ‘हायलँड्स’, अमेरिकन गायक-गीतकार डिलनच्या 1997 च्या ‘टाइम आउट ऑफ माइंड’ या अल्बमचं अकरावं, म्हणजे शेवटचं गाणं. ते शेवटी आहे, हे महत्त्वाचं: ज्याला नको त्याने दहाव्यानंतर बंद करावं. अख्खा अल्बम त्र्याहत्तर मिनिटांच्या आतबाहेर, सीडी चौऱ्याहत्तर मिनिटांची. म्हणून ते मावलं. रेडिओच्या साच्यात ते तेव्हाही बसणारं नव्हतं.

आता ते चालतं कसं? गिटारची एकच फिरत राहणारी ओळ, ब्लूज या अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या गानशैलीतला जुना गायक चार्ली पॅटन, त्याच्या रेकॉर्डवरून घेतलेली, असं डिलननेच सांगितलंय. मोठा सोलो नाही, चढत जाणारा शेवट नाही. वीसेक कडवी, आणि अधूनमधून स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या कवितेतली, स्कॉटलंडच्या डोंगरांत अडकलेल्या मनाची ओळ. काही जण याला ‘ब्लूजमधला विलंबित’, म्हणजे शास्त्रीय गायनातल्या संथ ख्यालासारखं, म्हणतात. ते चूक आहे. विलंबितात बढत, म्हणजे सावकाश विस्तार, सुरांची होते. इथे सूर जागचे हलत नाहीत, पुढे जाते ती हकिकत. पोवाड्यात डफ-तुणतुणं आपली लय धरून राहतं आणि शाहीर बोलत सुटतो, तसं.

मधला बॉस्टनच्या रेस्टॉरंटचा प्रसंग पाहा. जवळजवळ रिकामी जागा, एक वेट्रेस. उकडलेली अंडी हवी असतील, असं तीच सुचवते आणि तीच संपल्याचं सांगते. मग म्हणते, माझं चित्र काढ. कागद नाही? घे नॅपकिन. पेन्सिल नाही? ती कानामागून काढून देते. चित्र पाहून नॅपकिन परत फेकते: हे माझ्यासारखं मुळीच नाही! सात-आठ कडवी याच्यातच जातात आणि कुणाला घाई नसते.

हे गाणं वाजवताना बँड बहुतेक वेळा ड्रमवर घसरतो. दर चार मात्रांच्या आवर्तनाला फिल, म्हणजे ठोक्यांचा भरीचा तुकडा, टाकला की पाचव्या कडव्यापर्यंत आवाज आणि लय दोन्ही चढतात. उरलेल्या पंधरांना जायला जागाच राहत नाही. संवादाच्या ओळी तालाला चिकटवून म्हटल्या की वेट्रेसचं पात्रच मरतं.

मग गाणी आखूड का होताहेत? स्पॉटिफायवर तीस सेकंदांनंतर एक ‘प्ले’ मोजला जातो. सोळा मिनिटं ऐका नाहीतर दोन, मोजणी एकच. पूर्वी 78 आरपीएमच्या तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची, म्हणून थिएटरात रंगणारं बालगंधर्वांचं पद तिच्यावर कापूनच यायचं. दोन्ही वेळा कात्री यंत्राच्या हातात. पोरांना बोल लावणं सोपं, एवढंच.

मैफलीचं म्हणाल तर भारतात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद, इकडे अमेरिकेत मराठी मंडळाने भाड्याने घेतलेला हॉल ठरल्या वेळी रिकामा करायचा. तरीही दोन्हीकडचे आयोजक अडीच तासांत चार कलाकार, दीपप्रज्वलन आणि सत्कार कोंबतात. सहाला सुरू करा, सत्कार कार्यक्रमपत्रिकेत छापा आणि एकाच गायकाला दोन तास द्या.