दाबा, धरा, सोडा

मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. या वयात कोणी 'पोरगा' म्हटलं तर खरं तर सुखावायला हवं. मी रविवारपासून धुमसतोय.

झालं असं की गाडीचा क्लच गेला. पेडल दाबलं की खाली जायचं आणि तिथेच मुक्काम ठोकायचं. इंजिन बंद असताना सगळे गियर सुतासारखे सरळ पडत. चालू केलं की पहिलासुद्धा पडेना, रिव्हर्स तर दळण काढायला घ्यायचा. गॅरेजवाल्याने गाडी न बघता फोनवरच 'क्लचप्लेट, गियरबॉक्स उतरवावा लागेल' असा निकाल दिला. न बघता! पण प्लेट झिजली की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी ओढत नाही. माझी ओढत होती, सुटत नव्हती. शिवाय पेडल भराभर दहा वेळा मारलं की गियर पडे. म्हणजे क्लच चालवणाऱ्या ब्रेक ऑइलच्या लाइनीत हवा शिरलेली. आडवं होऊन बघितलं, तर पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या छोट्या स्लेव्ह सिलिंडरच्या रबरी टोपीतून ब्रेक ऑइल ठिबकत होतं. नशिबाने हा सिलिंडर बाहेरून बसवलेला. काही गाड्यांत तो गियरबॉक्सच्या पोटात असतो, तिथे घरी नाद करायचा नाही. नवा आणला, दोन बोल्ट, एक पाइप, बसवला.

उरली हवा काढणं. त्याला दोन माणसं लागतात. आणि दुसरा माणूस म्हणून देवाने बी विंगचे काका धाडले.

काका दुधाच्या पिशव्या घेऊन चालले होते. 'प्लेट गेली,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'काका, जरा पेडल दाबायला बसता?' ते बसले. सीट पुढे घेतली, आरसा नीट केला, बेल्ट लावला.

'काका, गाडी उभी आहे.'

'सवय, बाळा.'

पद्धत सोपी. मी 'दाबा' म्हटलं की दाबायचं, 'धरा' म्हटलं की धरून ठेवायचं. मग मी सिलिंडरवरचं हवा काढायचं निपल सैल करायचं, त्याला लावलेल्या नळीतून बुडबुडे निघायचे, निपल आवळायचं आणि मगच 'सोडा'. चार वेळा छान झालं. पाचव्यांदा निपल उघडं असताना काकांची हँडलला गियर असलेली फियाट खंबाटकी घाट चढू लागली. मागून एसटी, पुढे ट्रक, शेजारी काकू. घाट संपेना. माझ्या कोपरापर्यंत ऑइल आलेलं. मी कळवळून म्हणालो, 'काका, तो विषय सोडा हो!'

काकांनी पेडल सोडलं.

गुर्रर्र करून बाहेरची हवा आत. नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवलेलं असतं तर ऑइलच परत ओढलं गेलं असतं. ती चूक माझी, कबूल. पण काका म्हणतात कसे, 'तूच म्हणालास ना, सोडा?' यावर काय बोलणार!

मग आकडे ठरवले. एक म्हणजे दाबा, दोन म्हणजे धरा, तीन म्हणजे सोडा. एक झालं, दोन झालं, निपल उघडलं. तिसऱ्या मजल्यावरून काकूंचा आवाज आला, 'अहो, पिशव्या किती आणल्या?'

'तीन!' काका गरजले. आणि स्वतःचीच आज्ञा पाळून पाय उचलला.

शेवटी सव्वा तासाने पेडल कडक झालं. त्या गडबडीत मडगार्डवर ऑइल सांडलं होतं. ते लगेच पाण्याने धुवायचं असतं, नाहीतर रंग खातं. मी धुवायला उठलो तोवर खाऊन झालं होतं. वर सोसायटीची सूचना आली, 'पार्किंगमध्ये गॅरेजची कामे करू नयेत.' खाली काकांचा अंगठा.

काल बेल वाजली. डी विंगचे एक गृहस्थ दारात.

'बी विंगच्या काकांच्या हाताखाली गाड्यांचं काम करणारा पोरगा इथेच राहतो ना? माझंही ब्रेक ऑइल बदलायचंय. काका म्हणाले, ते स्वतः पेडलवर बसतील.'