आकडा का बदलला: लघुग्रहांविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

बुलढाणा आणि वाशीम जिल्ह्यांतल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत लघुग्रहांविषयीचा एक लांबलचक संदेश बरेच दिवस फिरतो आहे, आणि आमच्या लोणार तालुक्यात तर तो एकेका माणसाकडे दोन-दोनदा येऊन गेला आहे. त्यातले म्हणणे थोडक्यात असे. २०३२ साली एक लघुग्रह पृथ्वीवर आदळणार आहे. शास्त्रज्ञांनी आधी ते कबूल केले, पण वरून दबाव आल्यावर आकडा शून्यावर आणला. २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पडला तो अशनीच, म्हणजे अवकाशातून आलेला दगडच, होता, रॉकेटची गोष्ट मागाहून रचली. लघुग्रहांवर लोकांशी बोलत राहणारे शास्त्रज्ञ स्वतः संशोधन करीत नाहीत, ते भीतीवर पोट भरतात. आणि शेवटी, आपल्या शेतकऱ्याला या विषयाशी काही देणेघेणे नाही. ग्रामीण शाळेत अनेक वर्षे विज्ञान शिकवलेला माणूस म्हणून यांतल्या प्रत्येक म्हणण्याला उत्तर देणे मला माझे काम वाटते, कारण हा संदेश मला पाठवणाऱ्यांत माझे जुने विद्यार्थीही आहेत.

पहिला दावा २०२४ वायआर४ या लघुग्रहाविषयी आहे. तो २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधल्या ॲटलास दुर्बिणीला सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि त्यानंतर आठवडाभरातच एक शतांश टक्क्याच्याही खाली आली. आकडा आधी चढला आणि मग कोसळला, एवढेच पाहून संदेश लिहिणाऱ्याने दबावाचा निष्कर्ष काढला आहे. हा चढउतार कसा होतो, हे मात्र त्याने समजून घेतलेले नाही.

कापसाच्या शंभर तासांच्या, म्हणजे ओळींच्या, वावरात निंदणाऱ्या बाईचा विळा हरवला आहे असे धरा. तो कोणत्या तासात पडला हे कोणालाच ठाऊक नाही, तेव्हा तो बांधाजवळच्या शेवटच्या तासात असण्याची शक्यता शंभरात एक. सत्तर तास शोधून झाले आणि विळा मिळाला नाही, की उरलेल्या तीस तासांपैकी प्रत्येकाची शक्यता वाढून तीसात एक, म्हणजे सुमारे ३.३ टक्के होते. विळा जागचा हललेला नसतो. आपल्याला त्याच्याविषयी अधिक कळलेले असते. मग तो एकाहत्तराव्या तासात सापडतो आणि शेवटच्या तासाची शक्यता एका क्षणात शून्य होते. लघुग्रहाचेही तसेच आहे. पहिल्या काही रात्रींच्या नोंदींवरून त्याची कक्षा अंदाजाने काढली जाते, त्यामुळे २०३२ साली तो नेमका कुठे असेल हे सांगणारा पट्टा फार लांब असतो आणि पृथ्वी त्या पट्ट्यात कुठेतरी एक ठिपका असते. नोंदी वाढतात तसा पट्टा आखडतो; पृथ्वी त्यात आहे तोवर तिचा वाटा वाढत जातो आणि पट्टा तिच्यावरून सरकला की तो वाटा उरत नाही.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. डिसेंबर २००४ मध्ये अपोफिस या लघुग्रहाची शक्यता २.७ टक्क्यांवर गेली होती आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यातल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडल्यावर काही दिवसांतच २०२९ची धडक बाद झाली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल, आणि २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर पुढच्या शंभर वर्षांचा धोकाही वगळण्यात आला आहे. लपवालपवीविषयी एवढे सांगितले तरी पुरे, की लघुग्रहांच्या निरीक्षणांच्या नोंदी मायनर प्लॅनेट सेंटर सर्वांसाठी खुल्या ठेवते, नासा आणि युरोपीय अवकाश संस्था आपापली गणिते स्वतंत्रपणे करतात, आणि जगभरचे हौशी निरीक्षक हेच आकाश पाहत असतात. लपवायचेच असते तर ३.१ हा आकडा तुमच्या-माझ्यापर्यंत पोचलाच नसता.

संदेशातला मला सर्वांत लागलेला भाग शास्त्रज्ञांविषयीचा आहे. जो लोकांशी बोलतो तो संशोधन करीत नाही, हा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आहे, म्हणून येथे मी अधिक थांबणार आहे. डेव्हिड मॉरिसन या अमेरिकन ग्रहवैज्ञानिकाचे उदाहरण घेतो. हार्वर्डमध्ये कार्ल सेगन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केल्यावर ते हवाई विद्यापीठात गेले आणि १९७० नंतरच्या दशकात त्यांनी लघुग्रहांचे आकार मोजण्याचे काम केले. हे काम वाटते तेवढे सोपे नाही. दुर्बिणीतून लघुग्रह केवळ प्रकाशाचा ठिपका दिसतो. तो ठिपका लहान पण उजळ दगडाचा आहे की मोठा पण काळपट दगडाचा, हे नुसत्या प्रकाशावरून ठरत नाही. वैशाखात चुना लावलेल्या भिंतीवर आणि शेजारच्या काळ्या दगडावर हात ठेवून पाहिलेल्या वैदर्भीय माणसाला पुढचे समजायला वेळ लागणार नाही: काळा दगड ऊन परतवत नाही, पिऊन घेतो आणि तापतो. म्हणून परावर्तित प्रकाशाबरोबर त्या दगडातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे अवरक्त किरणे, मोजली की आकार आणि रंगाचा काळेपणा दोन्ही कळतात. १९७५ मध्ये क्लार्क चॅपमन, मॉरिसन आणि बेन झेलनर यांनी अशी निरीक्षणे एकत्र मांडून लघुग्रहांचे कार्बनयुक्त ‘सी’ आणि खडकाळ ‘एस’ असे जे गट पाडले, ती अक्षरे आजही वापरात आहेत.

आता २०२४ वायआर४कडे परत या. साध्या प्रकाशावरून त्याचा आकार ४० ते ९० मीटर असा सैल अंदाजात सांगितला जात होता. जेम्स वेब या अवकाशातल्या दुर्बिणीने त्याची उष्णता मोजली, तेव्हा तो सुमारे ६० मीटर ठरला. पन्नास वर्षांपूर्वी ज्या तत्त्वावर मॉरिसन काम करीत होते, तेच हे तत्त्व.

पुढे अमेरिकी काँग्रेसच्या सूचनेवरून नासाने जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष मॉरिसन होते. तिचा ‘स्पेसगार्ड’ अहवाल १९९२ मध्ये आला आणि त्यात जगभर मोठा घात करू शकतील अशा, एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांचा पद्धतशीर शोध घेण्याची योजना होती. असे किमान ९० टक्के लघुग्रह शोधण्याचे उद्दिष्ट नासाने १९९८ मध्ये स्वीकारले, आणि आज त्यांच्यातले ९५ टक्क्यांहून अधिक माहीत झाले आहेत. त्यांपैकी एकही पुढच्या शंभर वर्षांत आदळणारा नाही. माझ्या मते भीतीचा धंदा करणारा माणूस असे काम हाती घेणार नाही, कारण या कामाने भीती कमी होते.

आणि लोकांशी बोलण्याविषयी. २०१२ साली ‘निबिरू’ नावाचा ग्रह येऊन जग संपणार अशी अफवा जगभर होती. तेव्हा नासाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या प्रश्नांना मॉरिसन स्वतः उत्तरे देत होते. हजारो पत्रे आली. त्यांत काही किशोरवयीन मुलांनी जग संपण्याआधी जीव देण्याचा विचार लिहून पाठवला होता. हा विषय विदर्भात कोणी हलक्या तोंडाने काढत नाही, म्हणून मी एवढेच म्हणतो की अशा पत्राला शांतपणे, पुराव्यासह उत्तर देणे हे संशोधनापेक्षा कमी प्रतीचे काम नाही. अमेरिकेच्या ग्रहवैज्ञानिकांनी त्यांना २००४ मध्ये सेगन पदक दिले ते याच लोकशिक्षणासाठी. आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि त्याचे उत्तर स्वतः देत. त्यांच्या विश्वरचनाशास्त्राच्या कामात त्यामुळे काही उणे आले असे कोणी म्हणू शकेल काय?

चंद्रपूरचा दावा त्या मानाने लवकर निकालात निघतो. २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आकाशात जळत जाणारे पट्टे दिसले, आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले; आसपासच्या गावांत धातूचे गोलही मिळाले. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष असल्याचे अभ्यासकांनी कक्षेच्या नोंदींवरून सांगितले. इस्रोचे पथकही गावात येऊन गेले. अशनी म्हणजे दगड किंवा लोखंड-निकेलचा ओबडधोबड तुकडा; तो घडवलेल्या कड्याच्या आकारात येत नाही. शिवाय सूर्याभोवती फिरणारी वस्तू पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने शिरते आणि सहसा काही सेकंदांत विझते. पृथ्वीभोवती फिरणारे रॉकेटचे अवशेष आठ किलोमीटरच्या आतल्या वेगाने, तुकडे होत, आडवे जातात. त्या संध्याकाळी लोकांनी मोबाइलवर टिपले ते नेमके हेच होते.

विदर्भाला याचे काय, या प्रश्नाचे उत्तर आमच्या गावाच्या वेशीशीच आहे. लोणारचे विवर बेसाल्टमध्ये आघाताने झालेल्या, पृथ्वीवर चांगल्या टिकून राहिलेल्या मोजक्या विवरांपैकी एक आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते ज्वालामुखीचे नसून आघाताचे आहे, हे १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात येथल्या खडकातल्या मास्केलिनाइट या काचेवरून दाखवले गेले, कारण ही काच प्रचंड धक्क्याच्या दाबाखाली तयार होते. त्याच्या वयाविषयी मात्र एका पद्धतीने सुमारे ५२,००० वर्षे आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५,७०,००० वर्षे असे दोन फार वेगळे आकडे आले आहेत, आणि दोन्ही उघडपणे छापलेले आहेत. मतभेद जाहीरपणे छापणाऱ्या लोकांवर लपवालपवीचा आरोप बसत नाही.

दुसरे उदाहरण काटोलचे. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोल परिसरात खरोखरच अशनींचा वर्षाव झाला. त्यातल्या एका तुकड्यात ब्रिजमनाइट हे खनिज असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पृथ्वीच्या पोटात सर्वांत विपुल असलेले हे खनिज इतक्या खोल आहे की तिथवर कोणतेही यंत्र पोचत नाही; काटोलच्या दगडात ते अवकाशातल्या टकरीच्या धक्क्याने तयार झाले होते. संत्र्यांच्या मुलखात पडलेल्या दगडाने पृथ्वीच्या पोटाविषयी सांगावे, याचा मला अतिशय अभिमान वाटतो.

उपयोगाचेच बोलायचे तर रशियातले चेल्याबिन्स्क आठवावे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सुमारे २० मीटरचा लघुग्रह त्या भागावर हवेतच फुटला. झोत पाहून माणसे खिडक्यांपाशी धावली आणि दोन मिनिटांहून अधिक काळाने आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या. सुमारे दीड हजार जण जखमी झाले, बहुतेक काचांनीच. एका शाळेत शिक्षिकेने मुलांना आधीच बाकांखाली बसवले होते. तिला स्वतःला काच लागली, मुले सुखरूप राहिली. प्रकाश आधी आणि धक्का नंतर येतो, ही गोष्ट वीज कडाडताना आपण दर पावसाळ्यात अनुभवतो, आणि ती वर्गात शिकवायला पैसे लागत नाहीत.

म्हणून हा संदेश पुढे पाठवण्याऐवजी पुढच्या दोन गोष्टी पाठवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. आकाशात डोळे दिपवणारा झोत दिसला, तर खिडकीपासून दूर राहून काही मिनिटे तसेच थांबावे. आणि वावरात काही पडलेले आढळले, तर ते धातूचे असल्यास हात न लावता तहसील कार्यालयाला कळवावे. काळ्या, जळकट सालीचा जड दगड असल्यास तो न फोडता, न धुता कोरड्या कागदात ठेवून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाला खबर द्यावी.