‘लिंच’ आडनाव आणि न्याय यांचा बादरायण संबंध

आयर्लंडमधील गॉलवे शहराचा महापौर जेम्स लिंच फिट्झस्टीफन याने १४९३ मध्ये खुनी ठरलेल्या स्वतःच्या मुलाला फासावर चढवले, त्याच्या आडनावावरून ‘लिंचिंग’ हा शब्द आला, म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ ‘निःपक्षपाती न्याय’ असा आहे आणि हे आडनाव अस्सल गेलिक, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेतले, आहे, असे सांगणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. माझ्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उतरवून घेतल्याचे पाहिल्यावर गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

सर्वांत घातक विधान ‘मूळ अर्थ न्याय’ हे आहे, म्हणून आधी त्याचाच समाचार घेतो. दंतकथा क्षणभर खरी मानली, तरी तीत काय घडते? आरोपी दोषी ठरतो, जमाव त्याला सोडवण्यासाठी धावून येतो आणि न्यायाधीश जमावाला न जुमानता शिक्षा अंमलात आणतो. लिंचिंगमध्ये याच्या नेमके उलट असते: आरोप सिद्ध होत नाही, न्यायाधीश नसतो, जमावच सर्व काही असतो. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारण्यात आले, तेही अशाच पुढे ढकललेल्या मजकुरांवर विसंबून. त्या शब्दाला न्यायाचा मुलामा देणाऱ्याने निदान महाराष्ट्रात तरी थोडा विचार करायला हवा होता.

आता व्युत्पत्ती. ‘लिंचचा कायदा’ हा प्रयोग चार्ल्स लिंच याच्या १७८२ मधील पत्रात आढळतो. व्हर्जिनियातील हा जमीनदार आणि दंडाधिकारी अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात ब्रिटिशनिष्ठांना रीतसर अधिकार नसताना शिक्षा देत असे, आणि त्या प्रामुख्याने फटक्यांच्या होत्या, फाशीच्या नव्हेत. त्याच वर्षी व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याला संरक्षण देणारा कायदा केला. त्यात ही कृत्ये कायद्याला काटेकोरपणे धरून नसली तरी संकट पाहता समर्थनीय होती, असे म्हटले आहे. ‘कायद्याला धरून नाही’ हे मुळातच लिहिलेले असताना न्यायाची कथा रचायची कशाला? विल्यम लिंच या दुसऱ्या व्हर्जिनियावासीयाकडेही काही जण या शब्दाचे जनकत्व देतात, पण तोही गॉलवेचा महापौर नव्हता. इंग्रजी वाक्यात हे आडनाव लहान लिपीतले क्रियापद होऊन बसले ते १८३० च्या दशकात, म्हणजे महापौरानंतर तीन शतकांहून अधिक काळाने.

गॉलवेत त्या कथेचे स्मारक आहे हे खरे, परंतु त्यावरील कवटीच्या शिल्पावर १६२४ हे साल कोरलेले आहे आणि महापौराचे गुणगान करणारा लेख १८५४ मधला आहे. चार्ल्स लिंचचे वडील आयर्लंडहून आले होते, एवढे अर्धसत्य नाइलाजाने मान्य करतो. पण त्यावरून शब्द आयर्लंडचा ठरत नाही.

‘अस्सल गेलिक’ या दाव्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. गॉलवेचे लिंच हे नॉर्मन, म्हणजे मूळच्या फ्रान्सकडील, वंशाचे व्यापारी घराणे होते, तर इतर अनेक लिंच कुळांचे मूळ ‘ओ लिंशी’ या वेगळ्या गेलिक नावात आहे; इंग्रजीत दोन्ही नावे एकाच वर्णलेखनात येऊन मिसळली.