पानिपतच्या चित्राबाबत खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात दिवाणखान्यासाठी विकल्या जाणाऱ्या पानिपतच्या चित्राचे मूळ मराठा चित्रकाराने रणांगणावरच रेखाटले होते, असा मजकूर सध्या फिरत आहे. तो बरोबर नाही. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर, सुमारे १७७० मध्ये, ते फैजाबाद शैलीत, म्हणजे अब्दालीच्या बाजूने लढलेल्या शुजाउद्दौलाच्या अवधमधील शैलीत रंगवले गेले असून आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातील तपकिरी घोड्यावरचा स्वार अब्दाली आहे, भाऊसाहेब नव्हेत. तेव्हा हार घालण्यापूर्वी विचार करावा. ‘हाताने रंगवलेले’ हा दावाही तपासावा: भिंगातून रंगांचे बारीक, एकसारखे ठिपके दिसले, तर तो छापा असून त्यावर केवळ पारदर्शक थराचे फटकारे मारलेले असतात.