अर्ध्या तासात नशा उतरवणारा उपाय अस्तित्वात नाही

हिवाळा लागला की जळगाव-भुसावळ भागात मळ्यांवर भरीत पार्ट्या रंगतात आणि त्यांच्या मागोमाग ‘अर्ध्या तासात नशा उतरवा, बिनधास्त गाडी चालवा’ असे म्हणत मिठाचे पाणी, काळी कॉफी, थंड आंघोळ, भाकरी असे उपाय सुचवणारा संदेश मोबाइलवर फिरू लागतो. यंदा तो माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर टाकला आणि दोघा-तिघांनी त्यावर आभारही मानले, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

त्यातला सर्वांत घातक सल्ला असा की, पिऊन आडव्या झालेल्याला मिठाचे पाणी पाजून ओकायला लावावे. माणूस इतका झिंगेपर्यंत बरीचशी दारू रक्तात गेलेली असते आणि रक्तातली दारू ओकून बाहेर पडत नाही. शिवाय शुद्ध हरपत असताना ठसका लागून घसा मोकळा होण्याची क्रिया मंदावते. अशा वेळी ओकारी श्वासनलिकेत गेली, तर माणूस तिथेच, मित्रांच्या देखत, गुदमरून मरू शकतो. जास्त मिठाने रक्तातले सोडियम वाढते, तो धोका निराळाच.

काळ्या कॉफीने झोप उडते, नशा तशीच राहते. असा तरतरीत वाटणारा झिंगलेला माणूसच गाडीची किल्ली मागतो. थंड पाण्याच्या आंघोळीबद्दल एवढेच की, दारूने शरीराची उष्णता आधीच कमी होत असते. मद्यपानावर संशोधन करणारी अमेरिकेची राष्ट्रीय संस्था स्पष्ट बजावते की, कॉफी, थंड आंघोळ किंवा चालणे यांनी दारूची विषबाधा उतरत नाही, उलट प्रकृती बिघडू शकते.

जेवून प्यायल्यास दारू सावकाश भिनते, एवढे मान्य करावे लागेल. पण नंतर खाल्लेल्या भाकरीने रक्तातली दारू कमी होत नाही. ते काम यकृत आपल्याच गतीने करते. 100 मिलिलिटर रक्तामागे दारूचे प्रमाण तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे, म्हणजे 120 वर पोहोचलेल्याला सुमारे सहा तास थांबावे लागेल.

‘झोपू द्या, सकाळी ठीक होईल’ हेही नेहमी खरे नसते, कारण पोटात उरलेली दारू झोपेतही रक्तात जात राहते. हाका मारून माणूस जागा होत नसेल, श्वास अडखळत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि लगेच 108 वर फोन करावा.