डोंगरमाथ्यावरचं गवत म्हणजे तुटलेलं जंगल नव्हे

सध्या एक जोडफोटो खूप फिरतोय. डावीकडे पिवळट गवताचा उघडा डोंगर, उजवीकडे तसाच उतार पाइनच्या झाडांनी गच्च भरलेला. खाली मजकूर: ‘जंगलं तोडल्यामुळे जगभरचे उंच डोंगर असे बोडके झाले. गवत पाणी धरत नाही, कार्बन साठवत नाही. तिथे झाडं लावा, नद्या पुन्हा वाहतील.’ हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण त्यावर विश्वास ठेवून खड्डे खणले गेले की जे जातं ते आपल्या हयातीत परत येत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘तिथे आधी जंगल होतं.’ निलगिरीच्या माथ्यावर दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचे जुने थर साठलेले आहेत. उष्ण प्रदेशातली बरीचशी गवतं हवेतला कार्बन झाडांपेक्षा वेगळ्या रासायनिक वाटेने पकडतात आणि त्याची खूण मातीत हजारो वर्षं टिकते. ती खूण सांगते, की सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन थंडीत, या माथ्यांवर गवताचंच राज्य होतं. तेव्हा तिथे कुऱ्हाड चालवायला कोण होतं?

मातीचा पुरावा नको असेल तर इथियोपियातलं गेलाडा माकड बघा. उंच पठारावर ते बुडावर बसतं, दोन्ही हातांनी एकेक पात उपटतं, मूठ भरली की तोंडात टाकतं आणि बसल्या बसल्याच पुढे सरकतं. जवळजवळ पूर्णपणे गवतावर जगणारं माकड जगात हे एकच. त्याच देशातला इथियोपियन लांडगा कुरणातल्या बिळांतून निघणाऱ्या उंदरांवर आणि घुशींसारख्या प्राण्यांवर जगतो. त्याचे प्रौढ प्राणी आज ५०० पेक्षाही कमी उरलेत. असे देह शे-दोनशे वर्षांच्या जंगलतोडीतून घडत नाहीत.

शिवाय ठरावीक उंचीच्या वर झाडं वाढतच नाहीत. वाढीच्या काळातलं सरासरी तापमान साधारण ६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की झाडाला नवं लाकूड घडवणं जमत नाही. मात्र सगळी उंच कुरणं या रेषेच्या वर आहेत असं नाही, आणि खरा धोका आहे तो खालच्या कुरणांना. तिथे पाइन लावला तर जगतो, फोफावतो. म्हणून तर तो फोटो काढता येतो.

आता पाण्याचा मुद्दा. मजकुरातली सगळ्यात घातक चूक हीच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ड्राकेन्सबर्ग डोंगरात पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. त्या कोरड्या महिन्यांत गवत वाळून तपकिरी होतं, जवळजवळ झोपी जातं आणि पाणी घ्यायचं थांबतं. फोटोत ‘बोडकं’ दिसतं ते हेच! जमिनीत मुरलेलं पाणी मग ओढ्यांना मिळत राहतं. पाइन मात्र बारमाही हिरवा. त्याची मुळं खोल जातात, तो कोरड्या महिन्यांतही पीत राहतो, शिवाय पावसाचा काही भाग त्याच्या पानांवरूनच हवेत उडून जातो. तिथे शेजारशेजारच्या पाणलोटांत एकीकडे गवत ठेवून, दुसरीकडे पाइन लावून वर्षानुवर्षं प्रवाह मोजले गेले. पाइनखालचे ओढे आटत गेले. १९७२ पासून तिथे नव्या वनलागवडीला परवाना लागू लागला आणि १९९८ च्या राष्ट्रीय जल कायद्याने लागवडीच्या जंगलाला थेट ‘प्रवाह घटवणारी कृती’ या वर्गात घातलं. इक्वेडोरच्या पारामो कुरणांतही पाइन लावलेल्या पाणलोटांतून मिळणारं पाणी जवळजवळ निम्म्यावर आल्याचं मोजमाप आहे.

पारामो म्हणजे उत्तर अँडीजमधलं धुक्यात बुडालेलं गवत-झुडुपांचं जग, साधारण ३,००० मीटरच्या वरचं. बोगोटासारख्या महानगराचं बरंचसं पाणी चिंगासाच्या पारामोतून येतं. तिथली माती हातात घ्या: काळी, हलकी, भिजलेल्या स्पंजासारखी, दाबली की बोटांमधून पाणी ओघळतं. तिच्यावर उभा असतो फ्रायलेहोन. वर लवदार पानांचा गुच्छ आणि खाली खोडाला वाळक्या पानांचा जाड अंगरखा. दिवसा ऊन आणि रात्री हिमकण, हे तिथे बारा महिने चालतं. त्या अंगरख्यामुळेच खोडातलं पाणी गोठत नाही. वाळकी पानं काढून पाहिली तेव्हा झाडं मेली. वाढ म्हणाल तर वर्षाला सुमारे एक सेंटीमीटर. माणसाच्या उंचीचा फ्रायलेहोन पाइनच्या खड्ड्यासाठी उपटला तर काय गेलं, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

‘गवत कार्बन साठवत नाही.’ साठवतं, पण डोळ्यांआड, मुळांत आणि मातीत. पारामोतल्या थंडीत आणि ओलाव्यात पालापाचोळा फार हळू कुजतो, म्हणूनच ती माती इतकी काळी. झाडांनी पाणी ओढून माती कोरडी केली की कुजण्याचा वेग वाढतो आणि साठा हवेत जाऊ लागतो. वणवा आला तर गवताचे कोंब जमिनीलगत सुरक्षित राहतात. पाइनच्या लाकडातला कार्बन मात्र धुरासोबत जातो.

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. काही उंच डोंगरांवर खरोखरच जंगल तोडलं गेलं. अँडीजमधल्या पॉलिलेपिसच्या राया माणसाच्या आगींनी आणि कुऱ्हाडीने आक्रसल्या. आता त्या बऱ्याच ठिकाणी खडकाळ घळींत तगून आहेत. ही कागदासारख्या सालीची, वाकडीतिकडी झाडं कुणी त्या घळींच्या आसपास पुन्हा लावत असेल, तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण इक्वेडोरच्या कुरणांत लावला तो पॅट्युला पाइन मेक्सिकोतून आणलेला. ड्राकेन्सबर्गच्या त्या पाणलोटांतही तोच लावला होता.